जोसेफ स्मिथला खरंच दर्शन झालं होतं का?

मावळतीर

मॉर्मन पंथावर मराठीत फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून आधी थोडक्यात पार्श्वभूमी. या पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ, जन्म १८०५ चा, अमेरिकेतल्या व्हरमाँटमधला. वडील जिनसेंगच्या व्यापारात बुडाले, मग कुटुंब न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेला पालमायरा गावाजवळ जंगल तोडून शेती करायला आलं. त्या पट्ट्यात तेव्हा धर्मजागृतीचं वारं होतं. मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट, सगळे एकमेकांचे सभासद ओढत होते. पंथाची अधिकृत कथा अशी: १८२० च्या वसंतात चौदा वर्षांचा जोसेफ 'कुठलं चर्च खरं?' हे विचारायला घराजवळच्या राईत गेला, गुडघे टेकले, आणि परमेश्वर पिता व येशू असे दोघे त्याच्यासमोर उभे राहिले. कुठल्याच चर्चमध्ये जाऊ नकोस, असं त्याला सांगितलं गेलं. पुढे १८२३ मध्ये मोरोनाय नावाचा देवदूत आला, त्याने टेकडीत पुरलेल्या सोन्याच्या पत्र्यांचा पत्ता दिला. १८२७ मध्ये ते पत्रे हाती आले आणि त्यांचं भाषांतर म्हणून १८३० मध्ये 'मॉर्मनचा ग्रंथ' छापला गेला.

माझं मत: राईतलं दर्शन मी प्रामाणिक मानतो, पत्रे मानत नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि लोक ते उगाच एका दावणीला बांधतात.

दर्शनाची जोसेफने स्वतः सांगितलेली चार कथनं आहेत: १८३२, १८३५, १८३८ आणि १८४२. ती जुळत नाहीत म्हणून तो खोटारडा, हा नेहमीचा हल्ला. पण १८३२ चं कथन नीट वाचा. दर्शनाचा भाग त्याच्याच हस्ताक्षरात आहे, विरामचिन्हांचा पत्ता नाही. त्यात दोन व्यक्ती स्पष्टपणे येत नाहीत, 'प्रभू' येतो. कुठलं चर्च निवडू हा प्रश्नही नाही, कारण सगळे वाट चुकलेत हे त्याने बायबल वाचून आधीच ठरवलेलं असतं. त्याला छळतंय ते स्वतःचं पाप. आणि त्याला सगळ्यात आधी ऐकू येतं ते हे की बाळा, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे.

नवा पंथ काढणाऱ्याला या मजकुराचा काय फायदा? तेव्हाच्या कुठल्याही मेथडिस्ट सभेत उठून कुणी हेच सांगितलं असतं. मॉर्मन चर्चने तेव्हा ते छापलंही नाही. वहीतून कापलेली ती पानं १९६५ मध्ये एका प्रबंधातून लोकांसमोर आली. ज्याचा कुणालाच उपयोग नव्हता त्या पानावर माझा जास्त विश्वास बसतो.

पत्र्यांचं तसं नाही. दर्शन माणसाच्या आत घडतं, त्याला वजन नसतं. पत्रे पेटीत होते, कापडात गुंडाळलेले होते, लोकांनी उचलले होते. तिथे 'त्याला तसं वाटलं' म्हणून सुटता येत नाही.

कसोटी

वेगळं करता येत नाही, कारण माणूस एकच आहे आणि पद्धतही एकच आहे.

१८२६ मध्ये साउथ बेनब्रिजला जोसेफवर न्यायाधीशासमोर उभं राहायची वेळ आली होती. आरोप काय, तर खड्यात बघून गुप्तधन सांगणं. जोसाया स्टोवेल नावाच्या शेतकऱ्याने त्याला स्पॅनिश लोकांची चांदीची खाण शोधायला कामावर ठेवलं होतं, हे जोसेफने स्वतःच्या इतिहासातही लिहिलंय. खडा टोपीत टाकायचा, टोपीत तोंड खुपसून उजेड बंद करायचा आणि 'दिसतंय' ते सांगायचं, ही ती रीत. आता 'मॉर्मनचा ग्रंथ' कसा सांगितला गेला? बायको एमा आणि डेव्हिड व्हिटमर दोघांनी सांगितलंय: खडा टोपीत, तोंड टोपीत. चर्चने २०१५ मध्ये त्या तपकिरी अंड्यासारख्या खड्याचे फोटोही प्रसिद्ध केले. तोवर सभासद चित्रांत काय बघत होते? समोर पत्रे उघडे ठेवून बसलेला जोसेफ.

आणि १८३२ चं पान तुम्हाला निरुपयोगी का वाटतं? ते घटनेनंतर बारा वर्षांनी लिहिलंय. १८२० च्या दशकातली एकही नोंद नाही की या मुलाला राईत कुणी भेटलं. पुढची वाढ बघा. १८३२ मध्ये प्रभू. १८३५ मध्ये आधी एक व्यक्ती, मग दुसरी, शिवाय पुष्कळ देवदूत. १८३८ मध्ये पिता बोट दाखवून पुत्राची ओळख करून देतो आणि बाकी सगळी चर्च रद्द होतात. हे शेवटचं कथन कधी सुरू झालं? ओहायोतल्या कर्टलंडची, मॉर्मनांनीच काढलेली बँक बुडाल्यावर, जवळचे सहकारी सोडून गेल्यावर, जोसेफ रातोरात मिझुरीकडे निघून आल्यावर. अधिकार डळमळला तेव्हा दर्शन मोठं झालं.

रानवाटा

मी या चर्चची सभासद आहे, युटात राहते. माझ्या श्रद्धेबद्दल इथे कुणी वावगं बोललेलं नाही, त्याबद्दल आभार. पण 'कसोटी' यांनी निवडक मांडलंय.

१८३५ चं कथन घरी आलेल्या एका पाहुण्याशी बोलताना झालं आणि दैनंदिनीत उतरलं. १८३२ चं अर्धवट राहिलेलं टिपण आहे. १८३८ चं जाहीर इतिहास म्हणून. ऐकणारा बदलला की सांगणारा कशावर भर देतो तेही बदलतं. आईच्या मृत्यूबद्दल माणूस डॉक्टरशी एक बोलतो, भावाशी दुसरं बोलतो, दोन्ही खरंच असतं. चौदा वर्षांच्या मुलाने त्या वेळी लिहून ठेवलं नाही हा पुरावा कसा होतो? त्या घरात लिहायला कागद तरी किती असेल!

आता पत्रे. ते पाहिल्याचं सांगणारे तीन साक्षीदार होते: ऑलिव्हर काउडरी, डेव्हिड व्हिटमर, मार्टिन हॅरिस. हॅरिसने ग्रंथाच्या ५,००० प्रतींच्या छपाईसाठी शेत गहाण टाकलं आणि पुढे जमीन गमावली. तिघेही जोसेफशी भांडले. १८३८ संपायच्या आत तिघेही चर्चबाहेर होते. काउडरी आणि हॅरिस खूप वर्षांनी परतले, व्हिटमर कधीच परतला नाही. खोटं असतं तर सूड घ्यायची याहून चांगली संधी कुठली होती? एकानेही साक्ष फिरवली नाही. व्हिटमरने १८८७ मध्ये, मरणाच्या थोडं आधी, छापून सांगितलं की मी जे पाहिलं ते पाहिलं.

आणि एमा. १८७९ मध्ये तिच्या मुलाने तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली की पत्रे टेबलावर, तागाच्या लहानशा कापडात गुंडाळलेले पडून असायचे. आवराआवर करताना ती ते उचलून बाजूला ठेवायची. एकदा तिने कापडावरून कडा चाचपल्या. जाड कागदासारख्या वाकायच्या आणि पुस्तकाची पानं अंगठ्याने सोडावीत तसा धातूचा आवाज यायचा. हे तपशील रचलेले वाटतात? ती तर असंही म्हणाली की तेव्हा जोसेफला एक धड पत्र लिहिता येत नव्हतं. अशा माणसाने १८२९ च्या एप्रिल ते जूनमध्ये जवळजवळ ६०० छापील पानांचा मजकूर तोंडी सांगितला.

पारवा

एमाच्या त्या मुलाखतीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच मुलाखतीत तिने ठामपणे सांगितलं की जोसेफला माझ्याशिवाय दुसरी बायको कधीच नव्हती. आज युटाचं चर्च स्वतःच्या २०१४ च्या लेखात मान्य करतं की जोसेफचे ३० ते ४० विवाह झाले असावेत, त्यातली एक मुलगी पंधरा वर्षांचीही झाली नव्हती. म्हणजे एका बैठकीतलं एक उत्तर घ्यायचं आणि दुसरं सोडायचं, असं आपण करतोय. घ्या जरूर, पण कशाच्या आधारावर ते सांगा. माझ्या मते कापडाचा तपशील खरा असावा. जोसेफचा भाऊ विल्यम यानेही उशीच्या अभ्र्यातलं ते ओझं उचलल्याचं सांगितलं, अंदाजे साठ पौंड. काहीतरी जड, पत्र्यांचं, तिथे होतं. पण घरच्यांनी जे हाताळलं ते झाकलेलं होतं.

व्हिटमरचं तर आणखी अवघड आहे. रानवाटा, तुम्ही सांगितलेली १८८७ ची पुस्तिका मी वाचली आहे. तिच्यात तो म्हणतो, माझी पत्र्यांबद्दलची साक्ष मानत असाल तर हेही माना की जून १८३८ मध्ये देव माझ्याशी पुन्हा स्वतःच्या आवाजात बोलला आणि 'या संतांपासून', म्हणजे मॉर्मनांपासून, 'वेगळा हो' असं त्याने मला सांगितलं. तोच साक्षीदार, तोच आवाज. त्याला अर्धा मानता येत नाही.

मावळतीर

पारवा, व्हिटमरचा मुद्दा फार मोलाचा. यातून मला माझीच बाजू दिसते: त्या लोकांना आवाज ऐकू येत होते, दर्शनं होत होती, आणि ते खोटं बोलत नव्हते. तीन साक्षीदारांचा प्रसंगही तसाच घडला. जून १८२९, व्हिटमरच्या शेताजवळचं रान, प्रार्थना. पहिल्यांदा काही झालं नाही. हॅरिस म्हणाला माझ्यामुळे अडतंय, आणि बाजूला गेला. मग बाकीच्यांना देवदूत दिसला. नंतर जोसेफने हॅरिसला गाठून त्याच्याबरोबर प्रार्थना केली तेव्हा त्यालाही दिसला. टेबलावरची वस्तू दाखवायला हे सगळं लागत नाही.

जुनापूल

अवांतर वाटेल, पण या पंथाचा एक प्रचारक, ह्यू फिंडले, १८५० च्या दशकात मुंबईत आणि पुण्याच्या छावणीत येऊन प्रचार करून गेला होता. त्या काळाबद्दल जेम्स अ‍ॅलन या मॉर्मन इतिहासकाराने १९६६ मध्येच दाखवून दिलंय की सुरुवातीच्या दशकांत प्रचाराचा भर राईतल्या दर्शनावर नव्हताच, तो 'मॉर्मनच्या ग्रंथा'वर होता. १८३८ चं कथन धर्मग्रंथ म्हणून स्वीकारलं गेलं ते १८८० मध्ये. मावळतीर, तुम्ही दर्शन ठेवून पत्रे वगळता, पण पहिल्या पिढीचा पंथ पत्र्यांवरच उभा होता. ते काढले तर उरतो तो पापक्षमेचा अनुभव आलेला एक खेडूत मुलगा, आणि तसे त्या भागात शेकड्यांनी होते.

मावळतीर

हो, तेवढंच उरतं. माझ्यासाठी ते कमी नाही.

कसोटी

पत्रे तर देवदूताने परत नेले, त्यामुळे तपासता येत नाहीत. पण एक गोष्ट तपासता येते. १८३५ मध्ये कर्टलंडला एक माणूस इजिप्तच्या ममी आणि पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरची जुनी लिखाणं, घेऊन आला. मॉर्मनांनी २,४०० डॉलरला ते घेतले आणि जोसेफने त्यांतून 'अब्राहामाचा ग्रंथ' काढला. मूळ पपायरस जळून गेले असं सगळे धरून चालले होते. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्यांचे तुकडे सापडले, १९६७ मध्ये चर्चला मिळाले. इजिप्तच्या लिपीच्या जाणकारांनी वाचले, तर ते मृताबरोबर ठेवायचे नेहमीचे अंत्यविधीचे मंत्र निघाले. अब्राहामाचं नावही नाही. तुकड्यांवरची अक्षरं आणि 'अब्राहामाचा ग्रंथ' जुळत नाहीत हे चर्चनेही लिहून मान्य केलंय.

रानवाटा

सगळे तुकडे मिळालेले नाहीत, हे तुम्ही सांगितलं नाहीत. लांब गुंडाळी हरवली आहे. आणि आमच्यातले काही अभ्यासक असं मानतात की पपायरस हे फक्त निमित्त होतं, ते समोर असताना प्रकटीकरण झालं. जोसेफला इजिप्शियन येत नव्हती हे आम्हाला कुणी सांगायला नको.

कसोटी

गुंडाळी हरवली, पण चित्रं हरवलेली नाहीत. १८४२ मध्ये जोसेफने तीन चित्रं ग्रंथाबरोबर छापली आणि आकड्यानिशी अर्थ दिले. तिसऱ्या चित्रात दुसऱ्या क्रमांकाच्या आकृतीला तो 'राजा फारो' म्हणतो, आणि डोक्यावरच्या अक्षरांत त्याचं नाव दिलंय असंही म्हणतो. ती आकृती स्त्रीची आहे. वरची अक्षरं इसिस देवीची आहेत. इथे निमित्त वगैरे चालत नाही, कारण हीच अक्षरं हेच सांगतात असा त्याचा दावा आहे, आणि तो चूक आहे.

रानवाटा

त्या आकृतीचं उत्तर माझ्याकडे नाही. पण तुम्हीही एका प्रश्नाला हात लावलेला नाही. १८२९ च्या त्या तीन महिन्यांत एवढा ग्रंथ आला कुठून? टिपणं नाहीत, मागे जाऊन दुरुस्ती नाही, जेवणाची सुट्टी झाली की शेवटचं वाक्यही न विचारता पुढे सुरू. हे एमाचंच सांगणं. त्याच जोसेफला १८३८-३९ चा हिवाळा मिझुरीतल्या लिबर्टी गावच्या तळघरातल्या तुरुंगात काढावा लागला, आणि १८४४ मध्ये इलिनॉयमधल्या कार्थेज गावच्या तुरुंगात जमावाने त्याला आणि भावाला गोळ्या घातल्या. खोट्यासाठी माणूस इतकं सोसतो?

पारवा

कार्थेजला तो राईतल्या दर्शनापायी गेला नव्हता. टीका करणाऱ्या वर्तमानपत्राचा छापखाना नगराध्यक्ष म्हणून त्याने मोडून टाकला होता, त्यावरून अटक झाली. त्याला मारणं हा खूनच होता, यात दुमत नाही. पण सोसण्याने दावा खरा ठरत नाही.

कसोटी

ग्रंथ कुठून आला? तीन महिने नका धरू, पत्रे मिळाल्याचं सांगितल्यापासून दीड वर्ष झालं होतं, आणि मधल्या काळात हॅरिसने हरवलेली ११६ पानं आधीच सांगून झाली होती. मजकूर बघा. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचे सबंध अध्याय किंग जेम्स बायबलच्या, म्हणजे तेव्हाच्या रूढ इंग्रजी भाषांतराच्या, शब्दांत आहेत. आणि ग्रंथाची कथा ज्या कुटुंबापासून सुरू होते ते ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमारास यरुशलेम सोडतं, तर यशयाच्या त्यातल्या काही अध्यायांचा काळ बहुतेक बायबल-अभ्यासक त्यानंतरचा, बाबिलोनच्या बंदिवासाचा धरतात. ते त्यांच्याजवळ कसे आले? १८३१ मध्येच अलेक्झांडर कॅम्पबेल या धर्मोपदेशकाने लिहिलं होतं की न्यूयॉर्कमध्ये गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या धार्मिक प्रश्नांवर वाद झाला, त्या सगळ्यांचा निकाल हा ग्रंथ देतो. बालकांचा बाप्तिस्मा, प्रायश्चित्त, सगळ्यांना मुक्ती मिळते का, अगदी फ्रीमेसनरी ही गुप्त बंधुसंघटनासुद्धा.

रानवाटा

कॅम्पबेलने टोमणा म्हणून लिहिलं, मी ते जसंच्या तसं घेते. आमच्या ग्रंथात प्रभू म्हणतो की मी माझ्या सेवकांशी त्यांच्या दुबळेपणात, त्यांच्याच भाषेत बोललो, म्हणजे त्यांना समजेल. पालमायराच्या मुलाला देवाची भाषा म्हणून किंग जेम्स बायबलच माहीत होतं. प्रश्न त्याच गावचे, त्याच दशकाचे असणार. ज्यांनी विचारले त्यांनाच उत्तर द्यायचं होतं. यशयाच्या कुठल्या अध्यायाचा काळ कोणता, यावर बायबलचे अभ्यासक आजही सगळे एकमताने बोलत नाहीत. त्यांच्या अंदाजावर मी माझी प्रार्थना मोडीत काढणार नाही.