मदत हवी आहे: एक 12 इंची सबवूफर (खोल बासचा स्पीकर) की दोन 10 इंची?

मंडळी, जळगावातला हॉल आहे 14 बाय 11 फूट. वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, पडदे नावापुरते. 5.1 रिसीव्हर, सगळे स्पीकर ‘स्मॉल’, क्रॉसओव्हर (ज्याखालचा बास सबवूफरकडे जातो ती सीमा) 80 हर्ट्‌झ. सबवूफरवरचा लो-पास (वरचे सूर गाळणारा फिल्टर) पूर्ण उघडा ठेवलाय, कारण रिसीव्हर आणि सबवूफर दोन्हीकडे गाळलं की 80 च्या आसपास खड्डा पडतो.

अडचण 40 हर्ट्‌झची. 14 फूट लांबीचा पहिला रूम मोड (भिंतींमधला अनुनाद) नेमका तिथेच येतो (आवाजाचा वेग सेकंदाला 343 मीटर, भागिले दुप्पट लांबी 8.54 मीटर). सोफा मागच्या भिंतीला टेकवला की नुसता घुमारा. खोलीच्या मधोमध आणला की तोच बास गायब! म्हणून तो मागच्या भिंतीपासून साडेचार फूट पुढे घेतलाय. सबवूफर सोफ्यावर ठेवून, भिंतीकडेने रांगत, ऐकत त्याची जागा शोधून झाली. फेज (लहरींचा स्पीकरांशी मेळ) 0 आणि 180 अंश दोन्ही पाहिले, 0 बरा वाटतो.

पुढच्या आणि मागच्या भिंतीच्या मध्यावर एकेक सबवूफर ठेवला तर हा मोड दबतो, हे पटतं. पण मागे मध्यावर दार आहे. दुसरा सबवूफर दोन-अडीच फूट सरकवला तर कितपत फरक पडेल? की समोरासमोरचे तिरपे कोपरे बरे? 12 इंची एकच घेतला तर आवाज वाढेल, पण 40 चा फुगवटा जाणार नाही, असं मला वाटतं.

शिवाय, सेट-टॉप बॉक्सची केबल काढली की सबवूफरची गुणगुण थांबते. ग्राउंड लूपच (दोन वाटांनी अर्थिंग जोडल्याने येणारी गुणगुण) ना? केबलला आयसोलेटर (तो लूप तोडणारं उपकरण) पुरेल का? अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कृपया नको. आणि हो, रिसीव्हरचं कॅलिब्रेशन (आवाजाची जुळवणी) कूलरचा आवाज नको म्हणून तो बंद करूनच केलंय.