फियाट ११०० डी (१९६८): मूळ रंग आणि खालचं डांबर कसं ओळखायचं?

डिलाइट_६८ (सोलापूर)
नमस्कार मंडळी. गाडी १९६८ ची फियाट ११०० डी, सध्या आयव्हरी. डिकीतलं मॅटिंग उचललं तर कडेला फिकट निळा दिसतो. आरसी बुकातही रंगाच्या रकान्यात नुसतं 'ब्लू' आहे. डॅशबोर्डखाली मात्र तोच निळा हिरवट वाटतो. चाकांच्या कमानीत काळा जाड थर आहे, मागच्या बाजूला त्याचे पापुद्रे सुटलेत. पेंटर म्हणतो, सगळं पत्र्यापर्यंत उतरवू आणि बेसकोट-क्लिअर (आधी रंग, मग वर पारदर्शक थर) मारू. उतरवायच्या आधी काय बघून ठेवायचं? आणि तो काळा थर कारखान्याचा की नंतरचा? काम एप्रिल-मेमध्ये काढायचं आहे.

पत्रा_आणि_रंग
पेंटरला आधी थांबवा. एकदा स्ट्रिपर (रंग उतरवायचं रसायन) लागला की पुरावा गेला, तो परत मिळत नाही.

रंग सांगतो तो थरांचा क्रम. डिकीच्या आत एक सपाट जागा धरा आणि दहा रुपयांच्या नाण्याएवढा गोल वॉटर पेपरने (पाण्यात चालणारा सँडपेपर) पाणी घेत घासा. मधोमध ४०० नंबरने पत्र्यापर्यंत जा, मग बाहेरच्या बाजूला ८०० आणि १५०० ने उतार काढा. प्रत्येक थराची एकेक कडी दिसेल, झाडाच्या खोडासारखी. आतून बाहेर मोजा. पत्र्यावर प्रायमर, त्यावर सर्फेसर (पृष्ठभाग गुळगुळीत करणारा थर), त्यावर पहिला रंग, हा कारखान्याचा संच. रंगाच्या वर पुन्हा प्रायमर किंवा पुट्टी आली की तिथून पुढचं सगळं गॅरेजचं. असे गोल तीन-चार ठिकाणी काढा: डिकी, दाराच्या लायनिंगमागे, टेललाइटच्या गॅस्केटखाली, बोनेटच्या बिजागरीखाली. एकाच ठिकाणावर निकाल देऊ नका, दार किंवा मडगार्ड दुसऱ्या गाडीचं असू शकतं.

मग एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरचा बोळा. प्रत्येक कडीवर मिनिटभर दाबून ठेवा. नायट्रोसेल्युलोज असेल तर रंग सरळ कापसावर उतरतो. हवेत वाळलेला सिंथेटिक इनॅमल विरघळत नाही, फुगून सुरकुततो. भट्टीत भाजलेल्या इनॅमलची फार तर चमक जाते. पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे हार्डनर घालून मारायचा रंग) ढिम्म हलत नाही.

कोरडं घासू नका. त्या काळच्या रंगात आणि प्रायमरमध्ये शिसं असू शकतं. पाणी घेऊनच घासा, मास्क लावा, चिखल फडक्याने टिपून वेगळा ठेवा.

शेड_जुळणी
डॅशबोर्डखालचा हिरवटपणा बघून फसू नका. तेलावर आधारलेला इनॅमल अंधारात पिवळा पडतो, आणि निळ्यावर पिवळी झाक आली की तो हिरवट दिसणारच. उलट उन्हातला पत्रा फिका पडतो. म्हणजे दोन्ही टोकं खोटी. ग्लोव्हबॉक्सचं झाकण किंवा असाच सुटा तुकडा काढा, अर्ध्या भागावर काळा कागद चिकटवा आणि आठ-दहा दिवस उजेडाच्या खिडकीत ठेवा. थेट ऊन नको. कागद काढल्यावर दोन भागांत फरक दिसला तर हिरवट झाक अंधाराची होती, उघडा भाग मूळ रंगाच्या जवळचा.

नमुना शेड मोजणाऱ्या मशीनवर द्यायच्या आधी बारीक कंपाउंडने हलकं पॉलिश करा, नाहीतर मशीन वरची मळकट साय वाचतं. किमान दोन इंच सपाट जागा लागते. मशीनचा फॉर्म्युला ही फक्त सुरुवात समजा. पत्र्याच्या कार्डावर फवारून, पूर्ण वाळवून मगच मूळ तुकड्याशेजारी धरा, कारण ओला आणि वाळलेला रंग एक दिसत नाही. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसू शकतो, कारण रंगद्रव्यं वेगळी असतात. आपल्या सोलापुरात याची सोय आहे. चादर-टॉवेलच्या डाइंगवाल्या कुणाकडे लाइट बॉक्स (वेगवेगळ्या उजेडात रंग तपासायची पेटी) असेल तर कार्ड आणि तुकडा दोन्ही त्यात दिवसाच्या आणि ट्यूबच्या उजेडात धरून बघा. शेड बघणाऱ्याची नजर मशीनपेक्षा तिखट असते.

जुन्या जाहिरातीतल्या चित्रावरून शेड ठरवू नका, ती छपाईची शाई आहे.

खालची_बाजू
रंगाबद्दल सगळे विचारतात, खालच्या थराबद्दल कुणी नाही. तुम्ही विचारलंत, बरं झालं.

कमानीत बंपरमागची, चिखल कमी लागणारी जागा निवडा. टर्पेंटाईनने भिजवलेला फडका दहा मिनिटं लावून ठेवा. फडका तपकिरी-काळा झाला आणि थर चिकट झाला तर ते डांबर. रबरासारखा फुगला किंवा काहीच झालं नाही तर अलीकडचं अंडरकोटिंग (खालच्या पत्र्याला गंजू न देणारा थर). मग कड बघा. काळ्या थरावर निळ्याचे बारीक तुषार पडलेले असतील तर निळा मारायच्या आधी तो तिथे होता, म्हणजे तो मूळ. काळ्याखाली आयव्हरी निघाला तर तो नक्की नंतरचा. काळ्याखाली नुसता निळा असेल तर निकाल लगेच देऊ नका, चारही कमानी तपासा. तुषारांचे फोटो पट्टी ठेवून काढा, कारण कुठवर काळं मारायचं याची रेष तीच.

पापुद्रे का सुटतात? आपल्याकडच्या उन्हात डांबर वर्षानुवर्षं कडक होत तडकतं. फटीत काळी माती बसते आणि ती पाऊस संपल्यावरही ओल धरून ठेवते. वरून थर धड दिसतो, आतून पत्रा खातो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर खाली गंज. जॅक लावायची जागा आणि दाराखालचे बॉक्स (पत्र्याचे पोकळ पट्टे) नक्की ठोका. या गाडीला वेगळी चॅसिस नाही, बॉडीच भार पेलते.

काढताना ग्राइंडर अजिबात लावू नका. त्या काळच्या डांबरी थरात ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात. पेट्रोलची टाकी उतरवून गाडीपासून दूर ठेवा, हीटगनने थर फक्त मऊ करा, धूर निघू देऊ नका, लाकडी पट्टीने सोला. उरलेलं टर्पेंटाईनने पुसा आणि फडके बदलत राहा. डांबराचा अंश राहिला तर वरच्या फिकट रंगातून तपकिरी डाग वर येतात. पत्रा उघडा पडला की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. नवं अंडरकोटिंग दोन पातळ हातांत, निचऱ्याची भोकं टेपने झाकून, नंतर टेप काढून. बॉक्सच्या आत डांबर नको, कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं मेण). खाली काळं (वापरलेलं) ऑइल मारायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यावर माती थापली जाते.

डिलाइट_६८
गोल काढला. पत्रा, तांबडा, करडा, निळा, मग पिवळसर पुट्टी, करडा, आयव्हरी. थिनरने आयव्हरी कापसावर आला, निळ्याची फक्त चमक गेली. कमानीत काळ्यावर निळे तुषार आहेत.

पत्रा_आणि_रंग
मग चित्र स्पष्ट आहे. निळा भाजलेला इनॅमल, तो कारखान्याचा. पुट्टीपासून वरचं सगळं गॅरेजचं एनसी. सोलापुरातच जन्मलेल्या वालचंद हिराचंदांच्या, भारतात फियाट बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीची गाडी आहे, तिचा पहिला रंग इतका शाबूत मिळतोय याचा मनापासून आनंद झाला.

बेसकोट-क्लिअर मात्र नको. त्या काळी साध्या रंगावर क्लिअर नसायचा, त्यामुळे गाडी काच लावल्यासारखी दिसेल. पीयूचा सिंगल-स्टेज (वर क्लिअर न लागणारा) सॉलिड रंग घ्या. साधारण तीन लिटर एकाच वेळी मिसळून घ्या आणि त्यातला अर्धा लिटर हार्डनर न घालता राखून ठेवा. मेमध्ये दुपारी फवारलात तर थिनर उडून संत्र्याच्या सालीसारखा पोत येईल. स्लो थिनर वापरा आणि काम पहाटे उरका. जुना निळा कुठे ठेवणार असाल तर घासून जुन्या-नव्या रंगाच्या मध्ये इपॉक्सी प्रायमर द्या.

आरसीवर ब्लू आहे, म्हणून निळ्यावर परत जाताना आरटीओत रंगबदलाचा प्रश्न येणार नाही. पुढे व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर २०२१ च्या नियमात गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असावी लागते. गोलांचे आणि तुषारांचे फोटो तारखेसह आरसीच्या प्रतीबरोबर फाइलला लावा. डिकीतला एक गोल तसाच राहू द्या, त्यावर रंग मारू नका.