पाच एनसी, दोन समेट, आणि कोर्टात तरीही 'पहिलाच गुन्हा'? वारंवार मारहाण करणाऱ्याला वाढीव शिक्षा का होत नाही?

समुपदेशक_तालुका

महिला समुपदेशन केंद्रात आलेल्या एका प्रकरणाची कागदपत्रं पाहतेय. २०२१ पासून नवऱ्याविरुद्ध पाच एनसी (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदी). एक ४९८अ चा (सासरच्या छळाचा) गुन्हा, तो समेट झाल्यावर हायकोर्टात रद्द. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा एक (डीव्ही) अर्ज, 'आपसात मिटले' अशी पुरसीस, म्हणजे कोर्टात लेखी निवेदन, देऊन मागे घेतलेला. आता परत मारहाण, यावेळी मनगटाचं हाड मोडलंय. पोलीस ठाण्यात पुन्हा एनसीच लिहून दिली.

दोन प्रश्न. चोर दुसऱ्यांदा सापडला की शिक्षा वाढते असं ऐकलंय, मग बायकोला दहाव्यांदा मारणाऱ्याला ते का लागू नाही? आणि आत्ता नेमकं काय दाखल करावं म्हणजे हे सगळं पुन्हा शून्यापासून सुरू होणार नाही?

फौजदारी_बाजू

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कडू आहे. आधीच्या शिक्षेमुळे पुढची शिक्षा वाढवण्याचं सर्वसाधारण कलम म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम १३, जुन्या भादंविचं ७५. ते फक्त प्रकरण १० आणि १७ ला लागू आहे. म्हणजे नाणी, नोटा, मुद्रांक आणि मालमत्तेविरुद्धचे गुन्हे. तीन वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या अशा गुन्ह्यात एकदा दोषी ठरलेला माणूस पुन्हा तसाच गुन्हा करतो तेव्हा जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. १८६० साली मोटारसायकल नव्हती, पण आज ती दोनदा चोरणारा यात बसतो. बायकोचं मनगट दोनदा मोडणारा बसत नाही, कारण दुखापत प्रकरण ६ मध्ये आणि क्रूरता (कलम ८५, जुनं ४९८अ) प्रकरण ५ मध्ये आहे. २०२३ साली संहिता नव्याने लिहिताना हे बदलता आलं असतं. बदललं नाही.

काही गुन्ह्यांत दुसऱ्या वेळची शिक्षा त्या कलमातच लिहिलेली असते. पाठलाग, कलम ७८: पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, नंतर पाच वर्षांपर्यंत, आणि दुसऱ्या वेळी तो अजामीनपात्र होतो. वेगळं राहणाऱ्या बायकोच्या मागे फिरणाऱ्या नवऱ्याला हे लागू शकतं. कलम ८५ मध्ये मात्र पहिली काय नि चौथी काय, कमाल तीन वर्षंच.

शिवाय कायदा मोजतो ती दोषसिद्धी. एनसी मोजत नाही, प्रलंबित खटला मोजत नाही, रद्द झालेला एफआयआर तर नाहीच. समेटाने माणूस कोरा करकरीत होऊन बाहेर पडतो. तुमच्या प्रकरणात कागदोपत्री हा माणूस आजही 'पहिलाच गुन्हा' आहे, आणि शिक्षेच्या वेळी त्याचा वकील परिवीक्षेचा (तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सुटकेचा) लाभ मागणार तो याच आधारावर.

ठाणे_अंमलदार_माजी

आधी तातडीचं. हाड मोडलंय तर ती एनसी नाहीच. न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे हाड किंवा दात मोडणं, निखळणं ही गंभीर दुखापत. कलम ११७(२), सात वर्षांपर्यंत, दखलपात्र, म्हणजे पोलीस थेट तपास करू शकतात. ठाण्यात बाई पोचते तेव्हा एक्स-रे झालेला नसतो, म्हणून ११५(२) खाली एनसी लिहून मोकळे होतात. साधी दुखापत अदखलपात्र असल्याने दंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय तपास होत नाही, आणि ते पान रजिस्टरात पडून राहतं. एक्स-रेची फिल्म, रेडिओलॉजिस्टचा अहवाल आणि एमएलसी (दवाखान्यातली पोलीस केसची नोंद) नंबर घेऊन पुरवणी जबाब द्या, ११७(२) सोबत ८५ लावायला सांगा. ११७(२) एकटं जामीनपात्र आहे, तो ठाण्यातूनच सुटेल. ८५ अजामीनपात्र आहे. फिल्मवर नाव, तारीख नीट आहे का बघून घ्या. 'सौ. पाटील' एवढंच लिहिलेल्या फिल्मवर पुढे उलटतपासात अर्धा तास जातो.

जुन्या पाच एनसी वाया गेल्या असं समजू नका. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही, २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून पोलिसांना कारण लिहावं लागतं, नाहीतर नोटीस देऊन सोडावं लागतं. त्या कारणांतलं पहिलंच, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, नवी फौजदारी प्रक्रिया) कलम ३५(१)(ब) मध्ये: आरोपीला पुढचा गुन्हा करण्यापासून रोखणं. पाच एनसींचे नंबर आणि तारखा जबाबातच लिहिल्या तर तपास अधिकाऱ्याला रिमांड अर्जात आधार मिळतो. 'पूर्वीही मारले आहे' या वाक्याला किंमत नाही.

दुसरं, चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याची हमी आधीच लिहून घेण्याची कारवाई. बीएनएसएस १२६ (जुनं १०७) खाली एक वर्षापर्यंतचं हमीपत्र, १२९ (जुनं ११०) खाली सराईतासाठी तीन वर्षांपर्यंतचं. वारंवार शांतताभंग करणारा १२९ मध्ये बसतो. हे अधिकार ग्रामीण भागात तहसीलदाराला, आयुक्तालयात एसीपीला. फक्त ठाणी बहुधा १२६ वरच थांबतात, कारण १२९ ला साक्षीदार जमवावे लागतात आणि शेजारी नवराबायकोच्या भांडणात येत नाहीत.

गल्लीतला_माणूस

एवढी भानगड कशाला, तडीपार करा ना सरळ. महाराष्ट्र पोलीस कायदा ५६.

फौजदारी_बाजू

@गल्लीतला_माणूस, बळ किंवा हिंसेचे गुन्हे ५६ मध्ये येतात हे खरं, कमाल मुदत दोन वर्षं. पण अधिकाऱ्याला हेही नोंदवावं लागतं की साक्षीदार भीतीपोटी उघडपणे पुढे येत नाहीत. इथे मुख्य साक्षीदार बायको, आणि ती तर पाच वेळा ठाण्यात गेलेली आहे. जुन्या गुन्ह्यांचा ताज्या कारवाईशी संबंध दाखवता आला नाही की हायकोर्टात आदेश टिकत नाही. एमपीडीए (धोकादायक व्यक्तींना स्थानबद्ध करण्याचा कायदा) तर त्याहून लांब. तिथे सार्वजनिक सुव्यवस्था बिघडली पाहिजे, घरातली मारहाण त्यात सहसा बसवता येत नाही. आणि तडीपार माणूस घरखर्च द्यायला बांधील राहतो की नाही, यावर तो आदेश अक्षरही बोलत नाही.

संरक्षण_कक्ष

दुसऱ्या प्रश्नाकडे येते. वाढीव शिक्षेचं कलम नाही, पण 'आदेश मोडला' हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि तो प्रत्येक वेळी नव्याने घडतो. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५, कलम ३१: एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम ३२ ने तो दखलपात्र आणि अजामीनपात्र केलाय, आणि पीडितेच्या एकटीच्या साक्षीवरही कोर्ट गुन्हा घडल्याचा निष्कर्ष काढू शकतं. साधी कानाखाली मारली तर एनसी, पण आदेश असताना मारली तर एफआयआर. सगळा फरक या एका आदेशाने पडतो.

तो आदेश नीट मागणं हीच खरी मेहनत. ३१ लागतं ते कलम १८ च्या संरक्षण आदेशाला, अंतरिम असला तरी. घरात राहण्याचा (१९) किंवा पैशाचा (२०) आदेश मोडला तर ३१ लावण्यावर वाद होतो. म्हणून अर्जात १८ ची प्रार्थना वेगळी लिहा, आणि 'हिंसाचार करू नये' या एका ओळीवर थांबू नका. कलमात पोटकलमं आहेत ती वापरा: नोकरीच्या जागी किंवा मुलाच्या शाळेत येऊ नये, कोणत्याही मार्गाने संपर्क करू नये, माहेरच्यांना मारू नये. शाळेचं नाव लिहा. कोणत्या फोन नंबरवर संपर्क नको तो नंबर लिहा. दारू पिऊन दारात उभं राहू नये, हेसुद्धा लिहिता येतं, त्यासाठी शेवटचं पोटकलम आहे. सोबत १९(३) खाली हमीपत्र मागा, ते फौजदारी प्रक्रियेतल्या हमीपत्रासारखंच धरलं जातं.

आदेश मिळाल्यावर हे बिघडतं:

बजावणी होत नाही. 'मला आदेश माहीतच नव्हता' हा बचाव तिथेच उभा राहतो. कलम २४ प्रमाणे आदेशाची प्रत मोफत मिळते आणि ठाण्यालाही जाते. ठाण्यात ती पोचल्याची पोच स्वतः घ्या, आवक क्रमांकासह.

अंतरिम आदेश 'पुढील तारखेपर्यंत' असतो, तारखेला कोणी मुदतवाढ मागत नाही, रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवसाच्या कामाच्या नोंदीत) उल्लेख राहत नाही, आणि नेमक्या त्या आठवड्यात मारहाण होते. दर तारखेला रोजनामा वाचा.

भंगाची तक्रार उशिरा होते. ३१ ची शिक्षा एक वर्षाची, म्हणून दखल घेण्याची मुदतही भंगापासून एक वर्ष. कलम १२ च्या मूळ अर्जाला ही मुदत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. भंगाला आहे.

तक्रार एका पानाची पुरते. आदेशाची तारीख, कोणता खंड मोडला, दिवस, वेळ, जागा, वापरलेले शब्द जसेच्या तसे, कोण हजर होतं. सही करून संरक्षण अधिकाऱ्याला, ठाण्याला आणि थेट कोर्टात, तिन्हीकडे देता येते. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट असतील तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्याचे भाग अ आणि ब. मूळ मेसेज फोनमधून उडवू नका.

डॅलसहून

तुलनेसाठी टेक्सासचं सांगतो, इथे मराठी घरं बरीच आहेत आणि गैरसमजही. घरातल्या व्यक्तीला दुखापत केल्याचा पहिला गुन्हा वरच्या वर्गाचा मिस्डिमीनर (कमी गंभीर गुन्हा): कमाल एक वर्ष, चार हजार डॉलर. आधीची अशी नोंद असेल तर तोच गुन्हा थर्ड डिग्री फेलनी (गंभीर गुन्हा), दोन ते दहा वर्षं. आणि 'नोंद' मध्ये डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशनही धरतात, म्हणजे गुन्हा कबूल करून किंवा न लढता शिक्षेविना सुटलेलं प्रकरणसुद्धा. बारा महिन्यांत दोनदा मारलं तर आधीची नोंद नसतानाही 'सतत कौटुंबिक हिंसा' हा वेगळा फेलनी लावता येतो. ओळीने दोन फेलनींच्या शिक्षा झालेल्याला तिसऱ्या वेळी पंचवीस ते नव्व्याण्णव वर्षं किंवा जन्मठेप. व्हिसावर असलेल्याने 'डिफर्ड घेतलं, मिटलं' समजू नये. इमिग्रेशनच्या नजरेत कबुलीसह घेतलेलं डिफर्ड ही दोषसिद्धीच असते.

समुपदेशक_तालुका

खूप उपयोगी. एकच अडचण: ताईंना आणि सासरच्यांना पुन्हा 'समेट' हवा आहे. गावकी बसलीये. मागच्या वेळी पुरसीस दिली आणि सगळं पुसलं गेलं. नाही तरी म्हणता येत नाही.

संरक्षण_कक्ष

नाही म्हणू नका, पण पुरसीस देऊन अर्ज मागे घेऊ नका. समेटाच्या अटी लेखी करा आणि त्या अटींवर कलम १८ चा आदेश दोघांच्या संमतीने करून घ्या. अर्ज 'निकाली' निघाला पाहिजे, 'मागे घेतला' असा नको. त्याने सही केलेला आदेश असल्याने 'माहीत नव्हतं' हा बचाव उरत नाही, आणि ताईंनी स्वतः अर्ज देऊन रद्द करून घेईपर्यंत तो चालू राहतो (कलम २५). सासरचे खरंच मिटवणार असतील तर त्यांना या आदेशाची अडचण असायचं कारण नाही. त्यांचा वकील 'आदेश कशाला, हमीपत्र देतो की' म्हणेल. ते हमीपत्र कोर्टाच्या निशाणीला लागलं (कोर्टाच्या कागदांत नोंदलं गेलं) तरी मोडल्यावर ठाणे अंमलदार त्यावर एफआयआर घेत नाही.

फौजदारी_बाजू

सहमत. आणि ११७(२) चा गुन्हा नोंदवल्यावर गावकीच्या घाईत तो लगेच मिटवायला जाऊ नका. तो चालला आणि शिक्षा झाली तर दोन गोष्टी होतील. एक, सरकारी वकिलाला सांगून त्याच निकालात बीएनएसएस १२५ खाली तीन वर्षांपर्यंत शांतता राखण्याचा बाँड मागता येईल. हे कोणी मागत नाही, म्हणून मिळत नाही. दोन, सात वर्षांच्या गुन्ह्यातली ती दोषसिद्धी असेल. पुढच्या दखलपात्र, अजामीनपात्र गुन्ह्यात बीएनएसएस कलम ४८० प्रमाणे दंडाधिकाऱ्याला जामीन देताना हात आखडता घ्यावा लागतो. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात काढून ताईंच्या फाइलला लावा. पाच वर्षांनी रेकॉर्ड रूममधून ती काढायला किती चकरा लागतात ते तुम्हाला माहीत आहेच.

ठाणे_अंमलदार_माजी

ताईंना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीत आधार कार्ड आणि एनसीच्या प्रती घेऊन जा. एक्स-रेची मूळ फिल्म मात्र कोणाच्याही हाती देऊ नका, मोबाइलवर फोटो काढून तोच दाखवा.