उत्तर: बेळगावात बघायला काय आहे?

किल्ला आणि सुवर्णसौध (कर्नाटक विधिमंडळाची इथली इमारत) सोडलं तर बेळगावात बघण्यासारखं काही नाही, असं तुम्ही म्हणालात, ते मला पटलं नाही. आणि किल्ला तरी नीट बघितलात का? आत कमल बस्तीत, म्हणजे तिथल्या जैन मंदिरात, जाऊन मान वर करून उभं राहा. छतातून उलटं लोंबणारं दगडी कमळ, ७२ पाकळ्यांचं. भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांतले २४-२४ तीर्थंकर, म्हणून ७२. रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बिचिराज यानं १२०४ च्या सुमाराला ही बस्ती बांधवली. खांब इतके गुळगुळीत की हात फिरवल्याशिवाय राहवत नाही. दुपारी गेलात तर आतला गारवाही अनुभवाल. जवळच साफा मशीद आहे, तीही बघा.

मग टिळकवाडीत या. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याच्या पाण्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर अजून आहे. गांधीजी अध्यक्ष असलेलं हे एकमेव अधिवेशन! परगावची माणसं वीरसौध हे त्या अधिवेशनाचं स्मारक बघतात आणि विहिरीकडं न बघताच परततात, याचं फार वाईट वाटतं.

आणि हो, पत्ता विचारलात तर कुणीही सांगेल, 'दुसऱ्या रेल्वे गेटजवळ'. पहिलं, दुसरं, तिसरं गेट हीच आमच्याकडं टिळकवाडीची खूण. खडेबाजारातून चालताना कन्नड, मराठी, इंग्रजी पाट्या वाचत चला, घाई करू नका.