सुपरकार एवढ्या फास्ट झाल्यात की साध्या रस्त्यावर मजाच येत नाही, असं फक्त मलाच वाटतं का?

वळणवेडा (धागाकर्ता)

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, शेवटी इथे टाकतोय. मित्राकडे मॅक्लारेन ७२०एस आहे आणि त्याने मोठ्या मनाने ती मला अख्खी सकाळ चालवायला दिली. ७२० पीएस (म्हणजे जवळपास तेवढेच हॉर्सपॉवर), ० ते १०० तीन सेकंदांच्या आत, ० ते २०० आठ सेकंदांच्या आत, हे आकडे आधीपासून पाठ होते, पण पाय दाबल्यावर जे होतं ते आकड्यांतून कळत नाही हेही खरं. प्रॉब्लेम असा की पाय दाबायला मिळतोच किती वेळ? रस्ता मोकळा दिसला, दुसऱ्या गिअरमध्ये दाबला, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारे पंखे) जागे झाले, मानेला झटका बसला आणि आता कुठे गंमत सुरू होणार म्हणेपर्यंत लिमिट मागे पडलेली, पाय वर. परत हळू. परत तेच. सगळं मिळून अर्धं मिनिट तरी फुल थ्रॉटल झाला असेल का शंका आहे, बाकी पूर्ण वेळ मी तिला आवरत होतो.

वळणांवर तर आणखी विचित्र. ज्या वेगाला मला वाटतं की बास, आता जरा जास्तच होतंय, त्या वेगाला गाडी अक्षरशः झोपा काढत असते. टायर हूं की चूं करत नाहीत. माझी हिंमत संपते तिथे तिचं काम अजून सुरूच झालेलं नसतं.

तर हा माझ्या ड्रायव्हिंगचा दोष आहे, की या गाड्या खरंच पब्लिक रोडच्या पलीकडे गेल्यात? आणि गेल्या असतील तर ज्यांच्याकडे आहेत ते लोक नक्की काय एंजॉय करतात? चिमटा काढायला विचारत नाहीये, मनापासून जाणून घ्यायचंय.

ब्रेकपॉइंट

तुमच्या ड्रायव्हिंगचा काही संबंध नाही हो, सरळ गणित आहे. टोयोटा जीटी८६ घ्या, २०० पीएस, ० ते १०० ला साडेसात सेकंदांच्या आसपास. म्हणजे लिमिटमध्ये राहून तुम्हाला सात सेकंद इंजिन पिळायला मिळतं, मध्ये गिअर टाकायचा, क्लच नीट सोडायचा, सगळे सोपस्कार. ७२०एस मध्ये तेच तीन सेकंदांत उरकतं आणि त्यातलंही निम्मं काम कॉम्प्युटर करतो. कायदेशीर वेग तोच राहिला, तिथपर्यंतचा प्रवास आखडला.

वळणांचंही तसंच. ५० मीटर त्रिज्येचं वळण धरा, म्हणजे घाटात असतं तसं बऱ्यापैकी आवळलेलं. चांगले टायर साधारण १ जी (म्हणजे गाडीच्या वजनाइतकी) ग्रिप देतात, त्या हिशोबाने वळण ताशी ८० ला निघतं. अर्ध्या ग्रिपवर चालवलं तर ५६ ला. आता समोरून कोण येतंय दिसत नाही, कडेला खडी आहे, अशा ठिकाणी शहाणा माणूस ५०-५५ च्या वर जात नाही. मग उरलेली निम्मी ग्रिप तुम्हाला भेटणार कुठे? जीटी८६ वाल्यांनी हे ओळखून गाडीला मुद्दाम बारीक, प्रियसला (टोयोटाचीच साधी, मायलेजवाली हायब्रिड) मिळणाऱ्या जातीचे टायर दिले होते, २०१२ ची गोष्ट. लोक हसले. पण त्यामुळे मागचं टोक हलायला लागतं ते माणसाच्या आवाक्यातल्या वेगाला.

आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी सुटका नाही. ताशी २०० म्हणजे सेकंदाला साडेपंचावन्न मीटर. दचकून ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद धरला तर तेवढ्यात ८३ मीटर गेले, त्यानंतर १ जी ने ब्रेक लागले तरी थांबायला आणखी १५७. झाले २४० मीटर. वळणाच्या रस्त्यावर २४० मीटर पुढचं दिसतं का कधी? ताशी १०० ला हीच बेरीज ८१ च्या आसपास येते. म्हणून मला नेहमी वाटतं की खरी लिमिट पाटीवर लिहिलेली नसते, पुढचं किती दिसतं त्यावर असते, आणि ती हजार पीएसने एक मीटरही लांब होत नाही.

लालदिवा

च्यायला, मला वाटलं इथे गाड्यांवर बोलतात, हा तर फिजिक्सचा तास निघाला :)

जुनीपेट्रोलहेड

मी विरोधी पार्टीत. हे रडगाणं दर पिढीला असतं. फेरारी एफ४० चं सगळे गोडवे गातात, १९८७ ची गाडी, ४७८ पीएस, ताशी ३२४. ती काय लिमिटमध्ये एंजॉय करायला बनवली होती? त्यात पॉवर स्टेअरिंग नाही, एबीएस नाही, ब्रेकला सर्वो (पायाचा जोर वाढवणारी मदत) नाही, आणि टर्बो असे की आधी काहीच नाही आणि मग एकदम सगळं. ओल्या रस्त्यावर ती तुमच्याशी 'संवाद' साधते म्हणतात, तो संवाद बहुतेक वेळा शिवीगाळ असतो. आता गाडी सुसह्य झाली तर म्हणे मजा गेली.

धागाकर्त्याने ७२०एस पाय दाबायला मिळतो का यावरच मोजली, तिथे गडबड आहे असं मला वाटतं. त्याच गाडीत स्टेअरिंगला अजून हायड्रॉलिक असिस्ट (तेलाच्या दाबाची मदत) आहे, बाकी जवळजवळ सगळे इलेक्ट्रिकवर गेले तरी यांनी सोडलं नाही. ते हातात काय देतं हे ४० च्या स्पीडला पण कळतं, रस्त्याचा पोत बदलला तर बोटांना समजतं. काच केवढी मोठी, खांब केवढे बारीक, बसायची जागा जमिनीला टेकलेली, पाठीमागे इंजिन. फेरारीच्या स्टेअरिंगवर खराब रस्त्याचं वेगळं बटण असतं, ते दाबलं की डॅम्पर (शॉक अॅब्सॉर्बर) मऊ होतात आणि बाकी सेटिंग तिखटच राहतं. हे बटण काय रेसट्रॅकसाठी दिलंय का? तुम्ही हळू चालवणार हे कंपनीला पक्कं माहितीये. मी तर म्हणते निम्मी मजा त्या गाडीत बसण्याची आहे, ती ताशी ५० ला पण तेवढीच मिळते. ज्याला ती मिळत नाही त्याने खुशाल दुसरी गाडी बघावी, पण 'गाड्या चुकल्या' म्हणू नये.

तिसरीलेन

स्पीड राहू द्या, मला रुंदीचा जास्त त्रास होतो. लँबोर्गिनी रेवुएल्तो २०३३ मिलीमीटर, आरसे सोडून. पहिली लोटस एलिस १७१९. मॅक्लारेन एफ१, जी एकेकाळी जगातली सगळ्यात फास्ट होती, तीसुद्धा १८२०. तीन मीटरच्या लेनमध्ये एलिसला सव्वा मीटर मोकळं मिळतं, रेवुएल्तोला एक मीटरही नाही, आणि त्यात आरसे धरले तर विचारूच नका. वळणावर बाहेरून आत येणं, थोडं उशिरा वळवणं हे सगळं करायला जागा लागते. नसेल तर तुम्ही फक्त दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मधून गाडी ओवत बसता. त्यातही कार्बनची कड खरचटायची भीती. कसली मजा घेताय.

सहावागिअर

तिसरीलेन +१, आणि त्यात गिअरिंगची भर घालतो कारण त्याबद्दल लोक कमी बोलतात. पोर्शे ९११ जीटी३, ९९२ पिढीवाली, चार लिटरचं टर्बो नसलेलं इंजिन, ५१० पीएस, ९००० आरपीएम (मिनिटाला इंजिनाचे फेरे), वर सहा गिअरचा मॅन्युअल मिळतो. कागदावर यापेक्षा ड्रायव्हरची गाडी दुसरी नाही आणि मी ती चालवून वेडा झालोय हेही कबूल. पण तिचा दुसरा गिअर ९००० ला ताशी १३० च्या वर जातो. म्हणजे ज्या शेवटच्या दोन हजार आरपीएमसाठी हे इंजिन ओळखलं जातं तिथे जायचं तर एकतर पहिल्या गिअरमध्ये किंचाळत बसा, नाहीतर जगातल्या बहुतेक रस्त्यांवर दुसऱ्यातच कायदा मोडा. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा नुसते हलवायला. एक नंबरचा गिअरबॉक्स आणि वापर काय तर दोन गिअरचा!

गॉर्डन मरे यांची टी.५० घ्या. मॅक्लारेन एफ१ ज्यांनी डिझाइन केली तेच. तिथे त्यांनी टॉप स्पीडचा नाद सोडला, १००० किलोच्या आत गाडी बसवली (९८६), मॅन्युअल गिअर, मध्ये ड्रायव्हर, ३.९ लिटरचं कॉसवर्थ व्ही१२. सगळं माझ्या मनासारखं. पण इंजिन १२,१०० आरपीएमला जातं! आता १२,१०० कुठे नेणार, सांगा. वजन कमी करणं जमलं, बाकी पॉवरचा मोह त्यांनाही सुटला नाही. अर्थात ते इंजिन खालच्या आरपीएमलाही गोड लागतं आणि पाय लावल्याबरोबर उत्तर देतं, तेवढं श्रेय द्यायला हवं. टर्बो गाड्यांचं तसं नाही, तिथे खाली गप्प आणि वर एकदम धाड.

अवांतर: युरोपात २०१८ च्या सुमारास पेट्रोल गाड्यांच्या एक्झॉस्टला पार्टिकल फिल्टर आले तेव्हापासून आवाजही दबलाय. वेग वाढला आणि आवाज कमी झाला, बरोबर उलटं व्हायला हवं होतं.

ऑटोबानवासी

हायवेवर लिमिट नसणं हा उपाय आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. जर्मनीत ऑटोबानचे काही भाग अजून बिनालिमिटचे आहेत, तिथेही १३० चा सल्ला दिलेला असतोच. २०२१ मध्ये एकाने तिथे बुगाटी शिरॉन ताशी ४१७ ला नेली, पुढे व्हिडिओ बाहेर आला, चौकशी झाली, खटला काही झाला नाही. ठीक आहे. पण तो रस्ता सरळ होता आणि सरळ रस्त्यावर पाय दाबून धरणं याला मी ड्रायव्हिंग म्हणत नाही. अडीचशेच्या वर आजूबाजूचं काही दिसतच नाही, नजर लांब एका ठिपक्यावर, आणि मनात एकच विचार की पुढचा ट्रक लेन बदलायला नको. ताण येतो. कोणाला त्यात किक मिळत असेल तर मिळो बापडी, मला घामच फुटतो.

चार्जिंगपूर्ण

इलेक्ट्रिकने तर हा वादच निकालात काढला ना. टेस्ला मॉडेल एस प्लेड, पाच माणसं, सामान, हजाराच्या वर हॉर्सपॉवर. फोक्सवॅगन गोल्फ आर सारखी पेट्रोल हॅचबॅकही पाच सेकंदांच्या आत १०० गाठते. सिग्नलवरून सुसाट सुटणं यात आता काय कौतुक राहिलं? सगळ्यांनाच येतं. बघण्यासारखी गोष्ट म्हणजे ह्युंदाईने आयोनिक ५ एन मध्ये काय केलं. ६५० पीएसची इलेक्ट्रिक गाडी, गिअरबॉक्सची गरज शून्य, तरी सॉफ्टवेअरने खोटे गिअर, खोटा रेव्ह लिमिटर (आरपीएम ठराविक आकड्यावर अडवणारा), खोटा आवाज. झटके पण देते. आणि गंमत म्हणजे चालवणाऱ्यांना आवडतंय! आधी फुकट मिळणारा वेग सगळीकडून गोळा केला आणि मग हाताला काहीतरी काम हवं म्हणून अडथळे परत बसवले.

वळणवेडा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं.

जुनीपेट्रोलहेड, तुमचं स्टेअरिंगबद्दलचं एकदम पटलं, खरंच हळू चालवताना सगळ्यात जास्त लक्षात राहिलेली गोष्ट तीच होती. पण बसण्याची मजा आणि चालवण्याची मजा यात मी फरक करतो. बसण्याची मजा मला बाजूच्या सीटवरही मिळाली असती. एक विचारायचंय, मॅन्युअल मोड लावून तीन-साडेतीन हजारलाच गिअर टाकत गेलो तर काही वेगळं वाटेल का? आणि ट्रॅक डे (रेसट्रॅकवर गाडी पळवायचा दिवस) हाच शेवटी उपाय आहे का?

सहावागिअर

लवकर गिअर टाकून फार फरक पडणार नाही, टर्बो तिथे आळशी असतो, उलट गाडी कंटाळलेली वाटेल. ट्रॅकवर मात्र नक्की न्या, तिथे ती गाडी जागी होते. फक्त हे लक्षात घ्या की दीड टनाच्या घरातली, ७२० पीएसची गाडी टायर आणि ब्रेक कशी खाते ते, आणि बऱ्याच ट्रॅकवर आवाजाची मर्यादा असते ती वेगळीच. माझदा एमएक्स-५ सारखी टनभराची गाडी त्याच ट्रॅकवर दिवसभर पिदडली तरी कुरकुरत नाही.

जुनीपेट्रोलहेड

बाजूच्या सीटवर स्टेअरिंग नसतं हो, आत्ताच तर पटलं म्हणालात :) असो. एवढं मान्य करते की नवीन हायब्रिड पिढीबद्दल माझं मन अजून बनलेलं नाही. वजन वाढलंय ते वळणावर जाणवतं, सॉफ्टवेअरने कितीही लपवलं तरी.

ब्रेकपॉइंट

हायब्रिडचा विषय काढलात म्हणून. फेरारी २९६ जीटीबी, ८३० पीएस, व्ही६ आणि एक मोटर. ती फक्त बॅटरीवर २५ किलोमीटर जाते आणि बॅटरीवरच ताशी १३५ पर्यंत पळते. म्हणजे बहुतेक देशांत हायवेची पूर्ण लिमिट गाठली तरी इंजिन सुरू करायची गरजच नाही.

लालदिवा

एवढी मोठी फेरारी आणि लिमिटमध्ये इंजिनच बंद. आता याच्यावर वेगळा धागा काढा रे कोणीतरी.