चिपसेटच्या नावापेक्षा व्हीआरएम बघा

एएमडीच्या रायझन ९ ९९५०एक्स प्रोसेसरवर रोज तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करायचेत, तर एक्स८७०ई चिपसेटचाच मदरबोर्ड हवा का, असं तुम्ही विचारलंत आणि वर सगळ्यांनी डोळे झाकून 'हो' म्हटलंय. मला नाही पटत. चिपसेट म्हणजे बोर्डवरच्या यूएसबी, स्टोरेज वगैरे जोडण्या सांभाळणारी चिप; ती महागडी घेतली म्हणून प्रोसेसर जास्त पळत नाही. यूएसबी४ आणि जादा पीसीआयई लेन (ग्राफिक्स कार्ड, एसएसडी जोडायच्या वाटा) लागणार नसतील तर चांगला बी८५० चिपसेटचा बोर्ड पुरे.

व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला योग्य दाबाची वीज पुरवणाऱ्या बोर्डवरच्या भागावर, मात्र काटकसर अजिबात नको. हा प्रोसेसर पूर्ण लोडवर २३० वॅटपर्यंत ओढतो, आणि आपल्या सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार. एसी नसलेल्या खोलीत भर दुपारी रेंडर लावलं की प्रोसेसरच्या सॉकेटशेजारचे मॉसफेट (व्हीआरएममधले वीज चालू-बंद करणारे स्विच) भाजून निघतात; फार तापले की प्रोसेसरचा वेग खाली येतो. दुकानात बॉक्स उघडून बघाच: सॉकेटच्या डावीकडे आणि वर जाड, खाचांचा धातूचा हीटसिंक हवा, नुसतं चकचकीत प्लास्टिकचं झाकण नको.

आणि रॅमच्या दोनच स्टिक घ्या. चार लावल्या की रॅमच्या वेगाची एएमडीची अधिकृत मर्यादा ५६०० वरून ३६०० एमटी/सेकंदवर उतरते.

कॅबिनेट कोणतं घेताय? तेवढं कळवा, म्हणजे कूलरचंही बोलू.