जपानमधील लहान गावाचा उत्सव पाहायचा असल्यास कोणता निवडावा?

जुळे सोलापूरकर:
आम्ही पती-पत्नी, दोघेही निवृत्त, येत्या ऑगस्टमध्ये मुलीकडे नागोयाला जाणार आहोत. टोकियो, क्योतो सगळेच पाहतात. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत वाढलेल्या आम्हाला मात्र एखाद्या लहान गावाचा स्वतःचा उत्सव पाहण्याची हौस आहे. आम्ही शाकाहारी आहोत आणि जपानी भाषा येत नाही. अशा ठिकाणी परक्या माणसाने कडेला उभे राहून पाहायचे असते, की सामील झालेले चालते?

होटगी रोडवाला:
नोकरीनिमित्त त्या भागात राहिलो असल्याने सांगतो, नागोयाला असाल तर गुजो हाचिमान चुकवू नका. गिफू प्रांतातील या डोंगराळ गावात जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत तीसहून अधिक रात्री 'गुजो ओदोरी' हे नृत्य चालते आणि 13 ते 16 ऑगस्ट या चार रात्री, म्हणजे पितरांच्या ओबोन सणात, ते पहाटेपर्यंत थांबत नाही. युनेस्कोने 2022 मध्ये ज्या जपानी लोकनृत्यांना वारशाचा दर्जा दिला, त्यांत याचाही समावेश आहे.

येथे प्रेक्षक आणि नाचणारे असा भेद फारसा नाही. मधोमध गायक-वादकांचा लाकडी मंडप असतो, त्याभोवती लोकांचे कडे फिरत राहते आणि ज्याला वाटेल तो त्यात शिरतो. एकूण दहा प्रकारांपैकी 'कावासाकी' संथ आहे, त्यापासून सुरुवात करावी. माझ्यापुढे एक आजीबाई होत्या. त्यांनी मागे न वळता, हात कधी उचलायचा ते बाही जरा जास्त उंच करून मला दाखवले. शेकडो लाकडी गेता, म्हणजे खडावांसारखी पादत्राणे, रस्त्यावर एकदम आपटतात, त्यावरून ताल आपोआप सापडतो.

जेवणाची मात्र तयारी ठेवा. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचे) सूप आणि सोबा या जपानी शेवयांचा रस्सा यांत बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो आणि पुष्कळांच्या लेखी तो मांसाहारात मोडतच नाही. त्यामुळे 'मांस नको' एवढे सांगून भागत नाही. मासा व माशाचा अर्क दोन्ही नको, अशी जपानीत लिहिलेली चिठ्ठी मुलीकडून घ्या आणि कडक भाकरी व शेंगाचटणी जवळ असू द्या. (उपाहारगृहांच्या काचेत मांडायचे नकली पदार्थ बनवण्यासाठीही हे गाव प्रसिद्ध आहे. तेथे मेणाचा तेंपुरा, म्हणजे जपानी भजी, स्वतः करता येतो. निर्धास्तपणे शाकाहारी म्हणावा असा तेवढाच.)

सातरस्ता:
निवृत्त दांपत्याला रात्रभर जागरण सुचवणे मला पटत नाही. ओबोनच्या दिवसांत निम्मा जपान आपापल्या गावी निघालेला असतो. गाड्या भरलेल्या, खोल्या महाग. नृत्याच्या इतर रात्री कार्यक्रम बराच लवकर आटोपतो, त्यांतील एखादी निवडावी, आणि परतीच्या गाडीची आशा न धरता गावातच मुक्काम करावा. लहान मिन्शुकूंमध्ये (घरगुती निवासांत) कित्येकदा रोख पैसेच चालतात, हेही लक्षात असू द्या.

मुक्काम ऑक्टोबरपर्यंत लांबवता आला तर 9 व 10 तारखेचा, गिफूमधीलच ताकायामा शहराचा शरद उत्सव अधिक सोयीचा. कोरीव लाकडी रथ भरदिवसा पाहता येतात. पाऊस आला तर मात्र ते बाहेर काढत नाहीत. तेथून बसने शिराकावा-गो हे खेडे सुमारे तासाभरावर आहे. तेथील उतरत्या गवती छपरांच्या घरांत पूर्वी माळ्यावर रेशमाचे किडे पाळत, हे आपल्या मागवाल्यांच्या सोलापुरातील माणसाने आवर्जून पाहावे. त्यांतील अनेक घरांत आजही कुटुंबे राहतात, तेव्हा खिडकीतून डोकावू नये.

बाळीवेस:
गाव नव्हे, शहर आहे, तरीही सोलापूरकराने पाहावा असा आणखी एक उत्सव म्हणजे उत्तरेकडील अकिता येथील 'कांतो', 3 ते 6 ऑगस्ट. सुमारे बारा मीटर उंच आणि पन्नास किलो वजनाची, 46 कंदील टांगलेली बांबूची काठी एकच माणूस तळहातावर, कपाळावर, कमरेवर तोलतो. गड्ड्याच्या यात्रेत आपले नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, पेलणारे मानकरी हे पाहून काय म्हणतील, याची मला फार उत्सुकता आहे. नागोयाहून अंतर पुष्कळ आहे, पण तारखा गुजोच्या जागरणाच्या आधी येतात, त्यामुळे दोन्ही साधता येतील.